तक्रार नाही

दारावर तीनदा टकटक झाली आणि विल्फ गार्साइडचा हात मोज्यातच राहिला. एक पाय मोज्यात, दुसरा उघडा, असा तो पलंगाच्या कडेवर बसून राहिला आणि दाराकडे बघत राहिला. बर्नी दोनदा टकटक करते. दोनदा, आणि मग थांबते. तिचं ते थांबणंही विल्फला दारातून ऐकू येतं. पलीकडे एक जाडजूड बाई कमरेवर हात ठेवून उभी आहे आणि तिला कसलीही घाई नाही, हे त्याला न बघता कळतं. मग ती म्हणते, "किटली चढवलीय रे." एवढंच. उघड म्हणत नाही, उठलास का विचारत नाही, गोळ्या घेतल्यास का हे तर नाहीच नाही. तिची पावलं जिन्यावरून खाली जातात, आणि तेव्हा कुठे विल्फच्या हातांना हात असल्याचं कळतं, तो कडी काढतो, खाली जातो. गेली काही वर्षं त्याचा दिवस असा सुरू होतो. आणि आज तीनदा, तीही घाईघाईनं, बोटाच्या हाडानं केलेली कोरडी टकटक.  कोण असेल, कशाला आलं असेल, किती जण असतील, आणि श्वास ऐकू जाईल का बाहेर. त्यानं श्वास धरला. तेवढ्यात बाहेरून आवाज आला, "विल्फ, जागा आहेस ना? आज गुरुवार आहे, लक्षात ठेव." आवाज बर्नीचाच होता. जिवात जीव यायला हवा होता, पण आला नाही. तिऱ्हाइतानं तीनदा वाजवलं असतं तर समजण्यासारखं होतं. बर्नीनंच तीनदा वाजवावं म्हणजे काहीतरी फार बिनसलंय. तो किटलीचं ऐकायला थांबला, पण किटलीचं ती काही बोललीच नाही.

गुरुवार त्याच्या लक्षात नव्हता असं नाही. आठवडाभर दुसरं काही त्याच्या डोक्यात नव्हतं. गुरुवारी कौन्सिलचा, म्हणजे गावच्या नगरपालिकेचा, माणूस येणार होता. गार्नेट स्ट्रीटवरच्या या घरात सहा खोल्या होत्या, सहा माणसं होती, आणि सहाच्या सहा कधी ना कधी उघड्यावर झोपून आलेली. त्यांच्या खोल्यांचं भाडं सरकार भरत होतं, त्याला धक्का नव्हता. पण या सहा जणांना सांभाळणाऱ्या बर्नीचा पगार भाड्यातून येत नव्हता. तो निराळ्या थैलीतून यायचा. पूर्वी ती थैली लंडनहून येताना तिला चिठ्ठी बांधलेली असायची, की हे पैसे असल्या घरांतल्या माणसांना सांभाळणाऱ्यांसाठीच, दुसऱ्या कशाला हात लावायचा नाही. मग वरती कोणाच्या तरी डोक्यात आलं आणि ती चिठ्ठी काढून टाकली. तुमचं गाव, तुमचे पैसे, काय करायचं ते तुम्ही ठरवा. वर थैलीही अर्धी केली. आता कौन्सिलपुढे म्हातारे होते, पोरं होती, फुटलेले रस्ते होते, आणि ही सहा माणसं. शेजारच्या खोलीतला नेविल पूर्वी फौजेत स्वयंपाकी होता, त्याला सगळ्यातलं सगळं कळायचं. तो म्हणाला होता, "खड्ड्यात गाडी आदळली की मतदार शिव्या घालतो. आपण आदळलो तर कोणाच्या गाडीला काय होतंय?" बर्नी हसली होती, पण नेहमीसारखी नाही. ज्या घरांना खरंच गरज आहे तिथे माणूस ठेवायचा, बाकीच्या घरांत पंधरा दिवसांतून एकदा कोणीतरी येऊन विचारपूस करून जाईल, असं ठरलं होतं. गरज कोणाला आहे ते बघायला हा माणूस येणार होता. प्रत्येकाशी दहा मिनिटं बोलणार होता.

दुसरा मोजा चढवताना विल्फच्या मनात आलं, दहा मिनिटांत माणूस काय बोलणार. आईशी त्याचं दिवसचे दिवस दहा मिनिटं बोलणं झालं नव्हतं, आणि तरी कमी पडलं असं दोघांना वाटलं नव्हतं. आई गेली तेव्हा घर आईच्या नावावर होतं, म्हणजे कौन्सिलचंच, आईच्या नावानं भाड्यानं घेतलेलं. तीन खोल्यांचं घर एकट्या माणसाला नियमात बसत नव्हतं. लोक यायला लागले. टकटक करायचे, फटीतून हाका मारायचे, मिस्टर गार्साइड, आम्हाला फक्त बोलायचंय. विल्फ जिन्याखालच्या कोनाड्यात, आईच्या कोटांच्या मागे उभा राहायचा. आधी त्यानं ठरवून दार उघडलं नाही. मग एकदा उघडावं म्हणून पुढे झाला, तर हात जागचा हलेना. हात त्याचाच, पण ऐकेना. त्या दिवसापासून दार ही त्याच्यापुरती भिंतच झाली. शेवटी त्यांनी कुलूप फोडलं तेव्हा तो मागच्या अंगणातून निघून गेला होता, वडील भाजी लावायचे त्या जमिनीच्या तुकड्यावर, रेल्वेलाइनच्या कडेला, जिथे फावडी आणि कांदे ठेवायची लाकडी खोपटी होती. तिथे त्यानं हिवाळे काढले. पुढे या घरात आल्यावर किती तरी दिवसांनी बर्नीनं जुनी कागदपत्रं चाळली आणि त्याला हळूच सांगितलं, की ती माणसं त्याला घराबाहेर काढायला आली नव्हती, दोन गल्ल्या सोडून एक लहान घर रिकामं होतं, त्याच्या किल्ल्या घेऊन आली होती. हे ऐकून विल्फ म्हणाला, "असं होय." आणि चहात साखर घातली. दुसऱ्यांदा घातली हे त्याच्या लक्षात आलं नाही.

खाली स्वयंपाकघरातून लिंबाच्या केकचा वास येत होता. तो वास आला आणि विल्फला आणखीच अस्वस्थ वाटलं. केक डिलिस करत होती. डिलिस वेल्सची, सत्तरीला टेकलेली, एरवी आठवडा आठवडा खोलीतून न उतरणारी बाई, केस विंचरून, ओठाला लाली लावून ओव्हनसमोर उभी होती. तळमजल्याच्या खोलीतला माणूस जिन्याचा कठडा पुसत होता. नेविलनं नळाखालची फुटलेली फरशी बसवून टाकली होती. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. पाहुणा यायचा म्हणजे घर आवरायचं, एवढंच सगळ्यांच्या हाडात मुरलेलं, आणि कोणीही ते हाडातून काढू शकलं नव्हतं, रस्त्यावर झोपूनसुद्धा. विल्फनं स्वतःसुद्धा काल रात्री बूट चकचकीत करून ठेवले होते, वडिलांचा तपकिरी कोट ब्रशनं झाडून दारामागे टांगला होता. का, ते त्याला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. बर्नी बाहेरून दूध घेऊन आली, तिनं चमकणारी लादी बघितली, डिलिसची लाली बघितली, विल्फचे बूट बघितले, आणि दुधाची बाटली हातात धरून मधोमध उभी राहिली.

"हे काय करून ठेवलंत?" ती म्हणाली.

"माणूस यायचाय ना," डिलिस म्हणाली. "तुझ्या नावाला बट्टा नको."

बर्नीनं दूध ठेवून दिलं. सगळं छान दाखवू नका, हेच तिनं आठवडाभर घसा कोरडा करून सांगितलं होतं. तिनं सगळ्यांना टेबलाशी बसवून, चहाचं फडकं गळ्यात टायसारखं बांधून, कौन्सिलच्या माणसाचं सोंगही आणलं होतं. तुमचा चांगला दिवस सांगू नका, ती म्हणाली होती, सगळ्यात वाईट दिवस सांगा. खोटं बोलू नका, फक्त खरं झाकू नका. आणि मग जाड आवाज काढून तिनं एकेकाला विचारलं होतं, कसं काय चाललंय. नेविल म्हणाला, बरं आहे. डिलिस म्हणाली, बरं आहे हो, तुमचं कसं. विल्फ म्हणाला, तक्रार नाही. बर्नीनं फडकं सोडून टेबलावर आपटलं होतं आणि सगळे पोट धरून हसले होते, तीसुद्धा. या गावात कसं चाललंय याला दुसरं उत्तरच नव्हतं. विल्फच्या वडिलांनी मरायच्या आदल्या दिवशी इस्पितळातल्या खाटेवरून डॉक्टरला हेच सांगितलं होतं, आणि डॉक्टरही ऐकून बरं वाटल्यासारखा पुढच्या खाटेकडे गेला होता. हसणं ओसरल्यावर बर्नीनं विल्फला एकट्याला बाजूला घेतलं होतं. "तू त्याला ऑगस्ट सांग," ती म्हणाली होती. "बाकी काही नको. फक्त ऑगस्ट." आणि विल्फनं सांगतो म्हणून कबूल केलं होतं.

ऑगस्ट. कोट चढवून तो समोरच्या पडवीवजा बोळात फेऱ्या घालत होता, दाराच्या चौकटीपासून जिन्यापर्यंत आणि परत, आणि ऑगस्ट मनातल्या मनात जुळवत होता. बर्नी बहिणीकडे आयर्लंडला गेली. बदलीवर एक बाई आली. चांगली होती, हसतमुख होती. रोज तीनदा टकटक करायची आणि विचारायची, सगळं ठीक ना. विल्फ आतून म्हणायचा, ठीक आहे. ती म्हणायची, छान, आणि जायची. दुसऱ्या दिवशी परत. ठीक ना, ठीक आहे. पहिल्या दिवसांत त्याच्याकडे पाव होता, नंतर नव्हता. खोलीतल्या बेसिनच्या नळाला पाणी होतं. रात्री घर निजल्यावर जिना उतरून खायला आणता आलं असतं, असं कोणीही म्हणेल. विल्फही म्हणायचा. उतर, गाढवा, जिनाच तर आहे. पण आतून कडी काढायला हात जाईना, जसा आईच्या घरी जाईना झाला तसा. मग भूक लागायची बंद झाली, आणि ते फार सुखाचं होतं, हे तो कोणाला सांगणार होता? पडद्याच्या फटीतून येणारी उजेडाची पट्टी भिंतीवरून सरकायची आणि तो ती बघत जमिनीवर पडून राहायचा, पलंगावर नव्हे, पलंग फार उंच वाटायचा. बर्नी परत आली त्या सकाळी दोनदा टकटक झाली. मग थांबणं. मग, किटली चढवलीय रे. त्याला कडी काढायला खूप वेळ लागला, ती तेवढा वेळ बाहेर थांबली. दार उघडलं आणि तो तिच्या अंगावरच कोसळला. ती जाडजूड बाई त्याच्यासकट जिन्याच्या माथ्यावर बसली आणि त्याचं डोकं मांडीवर घेऊन ओरडून ओरडून रुग्णवाहिका बोलवत होती, आणि विल्फला लाज वाटत होती ती एका गोष्टीची, की त्यानं आंघोळ केली नव्हती. हे सांगायचं होतं. कौन्सिलच्या माणसाला, केक खाताना.

घंटा वाजली तेव्हा विल्फ फेऱ्यांच्या नेमका दाराकडच्या टोकाला होता. घंटा म्हणजे टकटक नव्हे, पण अंग तेवढंच गार पडलं. मागे जिन्याजवळ बर्नीची पावलं आली आणि थांबली.  तिचं थांबणं त्याला पाठीवर कळलं, सकाळी दारातून कळतं तसंच, आणि त्याचा हात उठला. उठला, खिटीवर गेला, खिटी फिरली. बाहेरचा ओला उजेड आत आला आणि उंबऱ्यावर भिजलेल्या ओव्हरकोटातला एक चष्मेवाला माणूस उभा होता. विल्फनं दार उघडलं होतं. परक्या माणसाला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. त्यानं वळून बर्नीकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर एकदम काय काय आलं. पोटच्या पोरानं पहिलं पाऊल टाकावं तसा आनंद आला, डोळे भरले, आणि त्याच क्षणी ती पांढरीफटक पडली. विल्फला त्यातला आनंदच दिसला. तो म्हणाला, "या ना, आत या. गारठा आहे आज." आणि त्या माणसाचा कोटसुद्धा त्यानं काढून घेतला.

माणसाचं नाव ओल्डरॉइड होतं आणि तो वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर सोपं झालं असतं. त्याला सर्दी झालेली, डोळे दमलेले, आणि सकाळपासून असली दोन घरं बघून तो आलेला. त्याच्या बोलण्यावरून कळत होतं की त्या घरांत भिंतींवर ओल होती आणि एका बाईनं त्याच्या अंगावर खुर्ची टाकली होती. हे सांगताना तो हसला आणि शिंकला. डिलिसनं त्याला केकचा मोठा तुकडा दिला. तिनं त्याला काय सांगितलं ते विल्फला ऐकू आलं नाही, पण ती बाहेर आली तेव्हा खूश होती, बोलणं छान झालं म्हणाली. नेविल पाचच मिनिटांत बाहेर आला. मग विल्फची पाळी. पुढच्या खोलीत शेकोटी लावली होती. ओल्डरॉइडनं पायावर पाय टाकून, मांडीवरचा कागद बाजूला सारून, अगदी शेजाऱ्यासारखं विचारलं, "मग मिस्टर गार्साइड, कसं काय चाललंय?"

ऑगस्ट त्याच्या जिभेच्या टोकावर होता. त्याला खरंच सांगायचं होतं, हे मागाहून तो स्वतःला कितीदा तरी शपथेवर सांगणार होता. पण समोर शेकोटीच्या उजेडात एक दमलेला माणूस भिजल्या पायांनी बसला होता, ज्याच्यावर आज कोणीतरी खुर्ची टाकली होती. त्याच्या मांडीत आपलं डोकं कसं ठेवायचं? जमीन, नळ, न केलेली आंघोळ, हे सगळं या चांगल्या कार्पेटवर कसं ओतायचं? आणि आत्ताच तर आपण दार उघडलं. वडिलांचा कोट अंगावर आहे. इतकं नीट आपण किती दिवसांनी दिसतोय. "बरं चाललंय," विल्फ म्हणाला. "तक्रार नाही."

ओल्डरॉइडनं मान हलवली. मग थोडं पुढे वाकून त्यानं विचारलं, की बर्नाडेट, म्हणजे बर्नी, त्याच्यासाठी नेमकं काय काय करते. चांगल्या मनानं विचारलं, मदत व्हावी म्हणून विचारलं. विल्फला वाटलं, आता सांगू. ती दोनदा टकटक करते आणि थांबते. वाक्य तयार होतं, पण मनात ते फिरवून बघितलं तर किती खुळं वाटलं. टकटक करण्याचा कोणी पगार देतं का? लोक हसतील. तिलाच हसतील, म्हणतील यासाठी बाई ठेवलीय. तिची किंमत वाढेल असं काही सांगायला हवं होतं, आणि घाईत त्याला एकच सुचलं.

"चहा फार छान करते," तो म्हणाला.

खोलीतून बाहेर पडल्यावर त्याला बराच वेळ बरं वाटत होतं. मग ओल्डरॉइड ओव्हरकोट घालून दाराशी आला, बर्नीचा हात हातात घेऊन म्हणाला, की आजच्या दिवसातलं हे सगळ्यात सुखाचं घर, तुम्ही यांना अगदी पायावर उभं केलंत, अभिनंदन. बर्नी आभारी आहे म्हणाली. दार लागलं. ती दाराकडे तोंड करून तशीच उभी राहिली, आणि विल्फला तिची पाठ दिसली. पाठीवरून माणूस कळतो हे तो तिच्याकडूनच शिकला होता.  "मी ऑगस्ट सांगितला नाही," तो म्हणाला. ती वळली नाही. म्हणाली, "माहितेय रे." त्यात राग नव्हता. राग असता तर तो कदाचित घरातच राहिला असता. त्यानं दाराला हात घातला, आणि बर्नी मागे होती म्हणून असेल, दार पुन्हा उघडलं. तो पावसात धावत सुटला.

ओल्डरॉइडची गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी होती, काचा वाफेनं धुरकट झालेल्या, आत तो मान खाली घालून काहीतरी लिहीत होता. विल्फ काचेशी पोचला आणि मग त्याला कळेना पुढे काय करतात. आयुष्यभर तो दाराच्या आतल्या बाजूला उभा राहिला होता. बाहेरच्या बाजूनं कसं वाटतं हे त्याला ठाऊकच नव्हतं. त्यानं दोनदा टकटक केली आणि थांबला. आतला माणूस दचकला. खट् करून चारी दारांची कुलपं लागली. मग त्यानं हातानं काच पुसली, ओळख पटली, ओशाळून हसला आणि काच चार बोटं खाली घेतली. काही विसरलो का मी, म्हणाला.

"नाही, नाही," विल्फ म्हणाला. धाप लागली होती. "पाऊस काही थांबत नाही."

ओल्डरॉइड म्हणाला, रात्री बर्फ पडणार म्हणतात. विल्फ म्हणाला, पडलं तर पडलं, हवा तरी कोरडी होईल. ओल्डरॉइड म्हणाला, तेही खरंच. बोलणं संपलं. या गावात ते इथेच संपतं, आणि दोघंही समाधानानं आपापल्या वाटेनं जातात. ओल्डरॉइडचा हात काचेच्या बटणावर गेला. विल्फनं चार बोटांच्या फटीत बोटं घातली. "मी खोटं बोललो," तो म्हणाला. "म्हणजे खोटं नाही. मला दार उघडता येत नाही, साहेब. कोणी आलं की मला दार उघडता येत नाही."

ओल्डरॉइडनं चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं. वडिलांच्या कोटाकडे बघितलं, बुटांकडे बघितलं असावं. मग तो अगदी प्रेमानं म्हणाला, "पण मिस्टर गार्साइड, मला दार तुम्हीच तर उघडलंत."

त्यावर विल्फकडे उत्तर होतं. ती मागे उभी होती, एवढंच. चार शब्द. पण मागून एक व्हॅन आली, भोंगा वाजला, गाडी वाटेत होती. ओल्डरॉइडनं हात हलवून थांबा-थांबा केलं, गाडी सुरू केली, विल्फला म्हणाला की भिजू नका, आत जा, तुमची काळजी वाटते. विल्फनं बोटं काढून घेतली, कारण ती काचेत सापडली असती तर त्या बिचाऱ्याला उगाच वाईट वाटलं असतं. मग तो पावसात उभा राहून ते चार शब्द पुन्हा पुन्हा म्हणत राहिला, व्हॅनवाला त्याला शिवी घालून गेला तरी.

स्वयंपाकघरात सगळे बसले होते. कोणी काय सांगितलं ते एव्हाना बाहेर आलं होतं. नेविलनं फौजेतल्या खाण्याचे किस्से सांगितले होते. डिलिसनं केकची कृती दिली होती. तिघा जणांनी तक्रार नाही म्हटलं होतं. बर्नी एकेकाच्या तोंडाकडे बघत गेली आणि मग तिला हसू फुटलं, खदखदून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आणि पाणी आलं ते मग थांबेना. "खुळ्यांनो," ती म्हणाली, "माझी लाज राखलीत आणि माझी नोकरी घालवलीत."  डिलिसनं उरलेला केक फडक्याखाली झाकून ठेवला.

निकाल लागायला वसंत उजाडला. घर चांगलं चालतंय, माणसं पायावर उभी आहेत, पंधरवड्याची भेट पुरे. बर्नीला एका दुकानात काम मिळालं, गावाच्या दुसऱ्या टोकाला. शेवटच्या दिवशी ती विल्फच्या खोलीत आली, प्रथमच पलंगावर बसली, म्हणाली, की येणाऱ्या बाईला तिनं दोन टकटकांचं सांगून ठेवलंय. तू मला सांगशील ना, बरं नसलं की? विल्फ सांगतो म्हणाला. पण त्याचं सांगतो काय असतं ते दोघांना माहीत होतं. ती गेल्यावर पहिले काही दिवस तो नेमानं खाली उतरला, स्वतःच किटली चढवली, पाणी उकळून निवून जाईपर्यंत उभा राहिला. मग नेविलला कुठेशी घर मिळालं, तोही गेला. मग एका सकाळी विल्फ मोजा चढवताना मध्येच थांबला, काही कारण नव्हतं, आणि दुपार झाली तेव्हाही तो तसाच बसलेला होता. उजेडाची पट्टी भिंतीच्या दुसऱ्या टोकाला गेली होती. ती त्याला ओळखीची वाटली.

दारावर टकटक झाली. तीनदा. "मिस्टर गार्साइड? मी लोर्ना. मागच्या वेळी पण आपली गाठ पडली नाही." आवाज तरुण होता, दमलेला होता, तिची आणखी किती घरं व्हायची होती कोण जाणे. विल्फ दारामागे येऊन उभा राहिला, एक पाय मोज्यात, एक उघडा. श्वास धरला. "सगळं ठीक ना?"

"ठीक आहे," तो म्हणाला. त्याच्या आधी त्याच्या तोंडानंच म्हटलं.

"छान," ती म्हणाली. कागदावर पेन चाललं, चपलांचा आवाज वळला, पहिली पायरी, दुसरी. जिन्याच्या खालच्या पायऱ्या करकरतात, त्या करकरल्या की ती बाहेर पडली. विल्फनं हात कडीकडे नेला. हात अर्ध्या वाटेत राहिला. पाठीशी कोणी नव्हतं. त्याला पावसातली ती गाडी आठवली आणि फटीतली स्वतःची बोटं आठवली, गार पडलेली. ओल्डरॉइडचा दयाळू चेहरा आठवला. तेव्हा न म्हटलेलं त्यानं किती रात्री म्हटलं होतं, भिंतीला, उशीला. आता ते सगळं आठवेना, एवढी वाक्यं जुळवायला वेळच नव्हता.

"बरं नाही," विल्फ म्हणाला. इतकं हळू की त्याचं त्यालाच ऐकू आलं. खालची पायरी करकरली. त्यानं कपाळ दाराला टेकलं, डोळे मिटले आणि ज्या आवाजात आयुष्यात कधी कोणाला हाक मारली नव्हती त्या आवाजात तो ओरडला, "बरं नाही. मला बरं नाहीये."

पावलं थांबली.  मग ती परत वर यायला लागली, आधी सावकाश, मग भराभर, आणि दाराशी येऊन उभी राहिली. तिला दोन टकटकांचं ठाऊक नव्हतं, की घाबरून ती विसरली होती कोण जाणे. तिनं दार वाजवलंच नाही, नुसती थांबली. विल्फच्या लक्षात आलं की आता दार उघडावं लागणार.